माझ्या वारसाने सही करू नये

मी, क्वा सिऊ हून, कै. आंग बून तेक यांची पत्नी, वय अडुसष्ट, राहणार बुकित मर्ताजाम, पेनांग, मलेशिया, माझ्यामागे काय व्हावे आणि काय होऊ नये ते या मृत्युपत्रात लिहून ठेवते. यापूर्वीचे माझे एकच मृत्युपत्र आहे. ते आमच्या कारखान्यात माल आणणाऱ्या लाऊ साहेबांनी त्यांच्या ओळखीच्या वकिलाकडून टाइप करून आणले होते आणि मी न वाचता त्यावर सही केली होती. ते आजपासून रद्द समजावे.

माझी शुद्ध जागेवर आहे. मूत्रपिंडे जागेवर नाहीत, पण कायद्याला ती लागत नाहीत. हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही, असे वाक्य इथे घालायची पद्धत आहे. हे मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाईंनी घातले होते, मी खोडले. माझ्यावर दबाव आहे. तो हे न लिहिण्याचा आहे.

१. व्यवस्थापक म्हणून मी वकील वत्सला मेनन यांना नेमते. माझ्या मृत्यूची बातमी कळताच, माझ्या मुलीखेरीज इतर कोणालाही कळवण्याआधी, त्यांनी या मृत्युपत्राची एक प्रत सीमाशुल्क खात्यात आणि एक प्रत अमेरिकेच्या वकिलातीत नेऊन द्यावी व पोहोच घ्यावी. जिवंतपणी मी स्वतः का गेले नाही, असे विचारले जाईल. जिवंत माणसाला जबानी मागे घ्यायला लावता येते. मला एक मुलगी आहे, हे लाऊ साहेबांना माहीत आहे.

२. राहते घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, माझी एकुलती मुलगी आंग हुई शान हिला. ती इपोहला दातांची डॉक्टर आहे. तिने ते विकावे, भाड्याने देऊ नये. मागच्या रंबुतानच्या झाडाची एक फांदी शेजारच्या चिआ मास्तरांच्या अंगणात गेली आहे. तिच्यावरून आम्ही दोघे अकरा वर्षे बोललो नाही. ती फांदी आणि तिच्यावरची फळे मी मास्तरांना देते. बाकी झाड देत नाही.

३. सिंपांग अंपातच्या रस्त्यावरची शेड भाड्याची आहे. आतले स्लिटर यंत्र माझे आहे. ते मोडीत काढावे, कोणालाही चालू स्थितीत विकू नये. का, ते सांगते.

प्लास्टिक फिल्मचा जंबो रोल माणसाच्या उंचीचा असतो. तो या यंत्रावर चढवायचा, गिऱ्हाइकाच्या मापाने पात्यांनी कापायचा आणि पुठ्ठ्याच्या नव्या नळ्यांवर गुंडाळायचा, हा आमचा धंदा. बिस्किटाच्या पुड्याला, कॉफीच्या पाकिटाला जे चकचकीत आवरण असते, ते यातूनच निघते. माझे पती या कामात पंचेचाळीस वर्षे होते. पाते बोथट झाले की त्यांना आवाजावरून कळायचे. ते म्हणायचे, "न कापलेली फिल्म म्हणजे नुसतं वजन. कापलं की आपलं."

लाऊ साहेबांनी आणलेल्या पहिल्या जंबो रोलांबरोबर एक फॉर्म होता. माल कोणत्या देशात तयार झाला, असा त्यात प्रश्न होता. माझ्या पतींनी मलेशिया लिहिले आणि ते चहा प्यायले. त्यांनी खोटे लिहिले नाही. त्यांना तसेच वाटत होते. कापणाऱ्या कोणालाही विचारा, तो तेच लिहील. आमचा मिस्त्री करुप्पय्या तर हसलाच होता, "नाहीतर मग आपण दिवसभर करतो काय?"

दोन वर्षांनी अमेरिकेहून छापील प्रश्नावली आली, तेव्हा आम्हाला समजले. ते रोल ज्या देशातून येत, तिथले सरकार फिल्मच्या कारखान्यांना वीज, जमीन आणि कर्ज जवळजवळ फुकट देते, म्हणून तो माल जगात पडेल भावात जातो. त्या मदतीला उतारा म्हणून अमेरिकेने त्या देशाच्या फिल्मवर जादा शुल्क लावले होते. ते चुकवण्यासाठी माल आमच्याकडे येत होता, आमच्या नळ्यांवर चढत होता आणि मलेशियाचा होऊन पुढे जात होता. प्रश्नावलीत स्पष्ट लिहिले होते की कापल्याने आणि गुंडाळल्याने मालाचा देश बदलत नाही. पुढचा प्रश्न होता, फिल्म ताणण्याची तुमची लाइन किती रुंद आहे?

आमच्याकडे लाइन कुठली? प्लास्टिक ताणून फिल्म बनवणारी तशी यंत्रांची रांग आमच्या शेडच्या चौपट लांब असते. माझ्या पतींनी तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे आपण खोटं लिहिलं, सिऊ हून," ते म्हणाले. पंचेचाळीस वर्षांच्या कामाला कोणीतरी काम नाही म्हटल्यावर माणूस जसा बसतो, तसे ते बसले होते.

४. शेडच्या मागच्या भिंतीला लागून कडपट्टीची सतरा पोती आहेत. ती कोणी हलवू नयेत. सीमाशुल्क खात्याने ती ताब्यात घ्यावीत.

फिल्म ताणताना दोन्ही कडा चिमट्यांनी धरतात. त्या चिमट्यांच्या दातांच्या खुणा कडेवर उमटतात आणि तेवढी कडा कापून टाकतात. जो फिल्म बनवतो त्याच्याकडे अशा कडपट्टीचे ढीग असतात, जो नुसती कापतो त्याच्याकडे नसतात. अमेरिकेच्या तपासणी अधिकारी बाई येणार असे ठरले, तेव्हा लाऊ साहेबांनी एका खऱ्या कारखान्याची कडपट्टी भंगारवाल्याकडून विकत आणली आणि आमच्या शेडमध्ये रचली. शेजारचे कुलूपबंद गोदाम दाखवून लाइन आत आहे, दुरुस्तीला बंद आहे, असे सांगायचे ठरले.

त्या अधिकारी बाई ठेंगण्या होत्या, घामाने भिजल्या होत्या. कुलपाकडे त्यांनी बघितलेही नाही. पोत्यातून एक पट्टी ओढली, खिशातून लहान स्टीलची मोजपट्टी काढून दातांच्या खुणांमधले अंतर मोजले आणि दुभाष्याकरवी माझ्या पतींना विचारले, "तुमच्या लाइनचा चिमटा किती रुंद आहे?"

माझ्या पतींनी माझ्याकडे बघितले. मी जमिनीकडे बघितले. बाईंनी काही लिहून घेतले नाही. ती कडपट्टी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि आभार मानून गेल्या.

त्यानंतर आमच्या कंपनीचे नाव बाद झाले. एवढ्यावर थांबले नाही. मलेशियातून जाणाऱ्या सगळ्याच फिल्मची चौकशी लागली. ज्या कारखान्याची कडपट्टी आम्ही आपली म्हणून दाखवली, तो खरोखर फिल्म बनवतो. त्याचा माल बंदरात अडकला आणि तिसऱ्या पाळीची माणसे घरी बसली. त्यांतल्या दोघांच्या बायका माझ्याबरोबर बाजारात भाजी घेतात. त्यांना कारण माहीत नाही. आता कळेल.

५. माझे धाकटे दीर आंग बून हॉक यांस माझ्या पतींचे मनगटी घड्याळ. ते नऊ वाजून वीस मिनिटांवर बंद पडले आहे, दुरुस्त करू नये.

लाऊ साहेबांना आमच्या घरी आणणारे हेच. माझ्या पतींनी लाऊ साहेबांना सांगितले होते की मी आता हे करणार नाही, आणि खात्यात जाऊन काय ते सांगणार आहे. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी जुरूच्या रस्त्यावर त्यांच्या मोटरसायकलला लॉरीने उडवले. पोलिसांनी अपघात लिहिला. मीही अपघातच म्हणते, कारण मला दुसरे काही माहीत नाही. लॉरी सापडली नाही, एवढे माहीत आहे. त्या सकाळी ते त्या रस्त्याने खात्यात जाणार होते, हे घराबाहेर फक्त भाऊजींना माहीत होते, हेही माहीत आहे. भाऊजी, मी तुमच्यावर आरोप करत नाही. घड्याळ रोज घाला.

६. माझ्या नावावरच्या नव्या कंपनीचे सगळे भाग व्यवस्थापकांनी कंपनी गुंडाळण्यासाठी ताब्यात घ्यावेत. माझी मुलगी किंवा माझा कोणीही नातलग या कंपनीचा संचालक, भागीदार किंवा सही करणारा होणार नाही. आधीच्या मृत्युपत्रात ही कंपनी हुई शानला दिलेली होती. ते कशासाठी, हे मला उशिरा कळले.

लाऊ साहेबांची काम करायची एक पद्धत आहे. जुनी कंपनी पकडली गेली की ते नवी काढतात, पण माणसे नवी घेत नाहीत. घरातलीच घेतात. सुंगाई बाकाप गावचे एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या दुसऱ्या कंपनीसाठी असेच सही करायचे. ते गेल्यावर एकदा मी त्यांची चौकशी केली, तर लाऊ साहेब कौतुकाने म्हणाले, "तिथे आता मुलगा सही करतो. हुशार आहे. बापापेक्षा अक्षर चांगलं."

गेल्या महिन्यात ते मला बघायला आले. संत्री आणली होती. स्वतः सोलून दिली. मूत्रपिंडाच्या रुग्णाला संत्री चालत नाहीत, हे मी त्यांना सांगितले नाही. जाताना दारात थांबून म्हणाले, "वहिनी, हुई शानचं बरं चाललंय ना? दवाखाना छान आहे. समोर पार्किंगचा मात्र फार त्रास हो."

मी त्यांना दवाखान्याचा पत्ता कधी दिलेला नाही.

या नव्या कंपनीच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर माझी सही आहे. प्रत्येकात मलेशियात तयार झालेला माल असे लिहिले आहे आणि प्रत्येक वेळी ते खोटे आहे हे मला माहीत होते. माझे पती न समजून लिहीत होते, मी समजून लिहिले. हे दोन वेगळे धरावेत आणि त्यांच्या नावाला डाग लावू नये.

७. करुप्पय्या यांस काहीही नाही.

एकतीस वर्षे ज्याने माझे यंत्र चालवले, त्याला मी एक पातेही ठेवत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. त्याच्या बायकोलाही मिळत नाही, कायद्याने तेवढा विचार केलेला आहे. मी त्याला मोटार देणार होते. मग विचारले, "करुप्पय्या, गाडी हवी की सही करशील?"

तो म्हणाला, "बाई, तुमच्या गाडीचा क्लच गेलाय. सहीच करतो."

परदेशी मालाच्या जुन्या नळ्या फोडून आमच्या नव्या चढवताना तो तिथे होता. जे मी इथे लिहिले ते खरे आहे, हे सांगायला तयार असा दुसरा माणूस जिवंत नाही.

८. माझा अंत्यविधी. हे कलम हुई शानने दोनदा वाचावे.

तुझ्या बाबांच्या वेळी घरासमोर पाच दिवस मांडव होता. तू तेव्हा परीक्षेसाठी दोन दिवस परत गेली होतीस, म्हणून तू हे पाहिले नाहीस. मी शोकाचे कपडे घालून शवपेटीच्या बाजूला चटईवर गुडघे टेकून होते. येणारा उदबत्ती लावून वाकला की आपण वाकायचे, हेच काम. तिसऱ्या दिवशी लाऊ साहेब आले. सगळ्यांत मोठे पुष्पचक्र त्यांचेच होते. उदबत्ती लावली, तीनदा वाकले, मग माझ्यासमोर खाली बसले.

"वहिनी, अशा वेळी कामाचं बोलू नये," ते म्हणाले. "पण जहाज सोमवारी आहे."

आणि कागद चटईवर ठेवला. नव्या कंपनीचा होता. तुझे काका मागून म्हणाले, "करा हो वहिनी. पेन जड आहे का?" आपल्यात शोकातल्या घराने आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचे नसते, त्याच्याआधी उठायचेही नसते. लोक बघत होते. मी गुडघ्यांवरच सही केली. मांडवातल्या बायका पुढे कितीतरी दिवस सांगत होत्या की मोठा माणूस, विधवेपुढे जमिनीवर बसला.

म्हणून माझ्यामागे मांडव घालू नये. वर्तमानपत्रात नाव देऊ नये. दारावर पांढरा कंदील लावू नये. इस्पितळातून त्याच दिवशी थेट दाहगृहात न्यावे. वकीलबाई आणि करुप्पय्या असले की पुरे. सातवा दिवस करू नये, एकोणपन्नासावा करू नये, मेलेल्याला पुढच्या जगात मिळावे म्हणून जाळतात ते कागदाचे घर जाळू नये. ज्या अंत्यविधीचे बोलावणे नाही तिथे लाऊ साहेब येत नाहीत, ही त्यांची एकच सभ्यता मी पाहिली आहे.

माझ्या बहिणी रडतील. तुझे काका म्हणतील, पोरीने आईला बेवारस जाळले. म्हणू दे. विधी न झालेला आत्मा भुकेला भटकतो असे आपण मानतो. मीही मानते, आणि मला त्याची भीती वाटते. तरी हेच करावे.

आणि तू येऊ नकोस, हुई शान. एकही दिवस नाही. त्या दिवशी तुझ्या दवाखान्यात रुग्ण असतील, त्यांचे दात बघ. कोणी कागद घेऊन आला तर उभी राहून वाच, आणि सही करू नकोस.

सही: क्वा सिऊ हून
ठिकाण: डायलिसिस केंद्र, पलंग क्रमांक ६, बुकित मर्ताजाम
दिनांक: ११ मार्च २०२४

साक्षीदार १: करुप्पय्या, मुरुगय्या यांचा मुलगा, यंत्रचालक. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम ३, ४ आणि ७ मधला मजकूर मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. सही तमिळमध्ये केली आहे.

साक्षीदार २: नोर्हायाती बिंती जमालुद्दीन, परिचारिका. सही करताना रुग्ण पूर्ण शुद्धीत होत्या, रक्तदाब ठीक होता, हात स्थिर होता. वकीलबाईंनी सांगितले की त्या वेळी घडलेले आणखी काही असल्यास लिहावे, म्हणून लिहिते. सही चालू असताना एक गृहस्थ फुले घेऊन दाराशी येऊन थांबले होते. सही झाल्यावर मी भेटीची वेळ नाही म्हटले, तेव्हा त्यांनी आग्रह केला नाही. मुलगी इपोहहून कधी येणार, एवढेच विचारले. मी सांगितले नाही.