चौकटीला लावलेलं जळकं तेल

मुक्काम बोटपॉइंट, धरणाची पाळ,
जिल्हा आदिलाबाद

ति. दौलतमामांना भाचा लखनचा वाकून नमस्कार.

रविवारी सकाळी साडेदहा वाजता किनवटच्या पाहुण्याची पाठ माणिकरावांच्या चौकटीला टेकली आणि त्या क्षणी माझं आयुष्य पालथं झालं. पण ते नंतर. आधी तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? जिनिंगात यंदा कापूस कसा येऊन राह्यला? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खरं मानू नका. (फोनच केला असता, पण तुमचा फोन मामी उचलतात, स्पीकर लावतात, आणि मग अर्ध्या भैंसा गावाला माझं दुखणं कळतं.)

तुम्हाला वाटत असेल, पोरगा कॉलेज सोडून धरणावर मासे मोजत बसला आहे. तसं नाही. कॉलेज मी का सोडलं ते तुम्हाला माहीत आहे. प्रॅक्टिकलच्या सरांनी साऱ्या वर्गासमोर 'तुझ्या डोक्यात सरकी भरली आहे' असं म्हटलं, आणि मी प्रयोगशाळेचं दार असं आपटलं की वरची काच खाली आली. काच भरून दिली, परत गेलो नाही. (सरकीपासून तेल निघतं हे सरांना सांगायचं राहून गेलं.) आता माझ्याकडे पाच बोटींचं जळकं तेल आहे. इंजिनातलं तेल बदललं की काळं तेल पूर्वी सरळ काठावर ओतत. एकदा चंपतभाऊंची भुरी म्हैस पाण्यात गेली आणि काळी होऊन बाहेर आली. चंपतभाऊ दोन दिवस स्वतःचीच म्हैस शोधत फिरले. आता मी ते तेल पिंपात धरतो. बोटीच्या तळाशी पाणी आणि तेल एकत्र साचतं, त्यात तुमच्या जिनिंगातला रद्दी कापूस सोडतो. कापूस तेल पितो, पाण्याला शिवतही नाही. मग तो पिळायचा, तेल गाळून पिंप भरायचं, आणि नागपूरची गाडी आली की द्यायचं. तिकडे ते शुद्ध होऊन पुन्हा इंजिनात जातं. ही कापसाची युक्ती माझी नाही, तुमची. तुमच्या बैलबंडीखाली वंगणाचं नळकांडं लोंबायचं, ते एकदा माझ्या हातून हौदात सांडलं, तर तुम्ही न ओरडता सदऱ्याच्या खिशातून मूठभर रुई काढून पाण्यावर टाकली होती. मी सात वर्षांचा होतो. त्या वंगणाचा वास आला की मला अजून बाजाराचा दिवस वाटतो. तुम्ही पुढे बसलेले, मी मागे कापसाच्या गाठोड्यावर आडवा, आणि वर आभाळ डोलत चाललेलं.

आता सुनयनाचं सांगतो. (मामींना हा भाग वाचून दाखवू नका.) सुनयना म्हणजे माणिकरावांची मुलगी, त्यांचं घर पाळीच्या खालीच, भाजीच्या मळ्यात. सातवीत आमची शाळा सहलीला धरणावर आली होती. बोटीजवळ पाण्यावर सात रंग पसरले होते. तिनं विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, इंद्रधनुष्य आहे, काल पडलं, मीच धरून इथं ठेवलं. तिनं ते खरं मानलं. आठवीतही खरं मानलं. नववीत तिला कळलं की ते इंजिनचं तेल आहे, तेव्हा ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि तो महिना मला पुढच्या सगळ्या परीक्षांपेक्षा जड गेला. आता गंमत बघा, तेच रंग मी रोज सकाळी कापसानं टिपून काढतो. कधी कधी एखादा डाग मुद्दाम शेवटपर्यंत राहू देतो.

तर गेल्या आठवड्यात माणिकराव स्वतः आले. आमच्याकडे पाहुणे पोरगी पाहायला यायचे म्हटलं की घराची दारं-चौकटी जळक्या तेलानं पुसतात, उधई मरते आणि जुनं लाकूड शिसवासारखं चमकतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणाले, "लखन, बाटलीभर तेल दे ना बाप्पा. किनवटचे लोक येऊन राह्यले रविवारी." कोणाला पाहायला, ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, घरात एकच मुलगी आहे. मामा, मी तेल दिलं. वरून शुक्रवारी जाऊन स्वतःच्या हातानं चौकटीला लावलं, बिजागऱ्यांत थेंब थेंब सोडला, आणि उरलेली अर्धी बाटली ब्रशसकट त्यांच्या फळीवर ठेवून आलो. शनिवारी संध्याकाळी जाऊन पांढऱ्या रुमालानं पुसून पाहिलं. रुमाल पांढराच राहिला. उधईनं पोखरलेलं लाकूड तुमच्या म्हैसूरच्या जावयासारखं असतं, जेवढं द्याल तेवढं पितं.

रविवारी बोटपॉइंटच्या खुर्च्या घेऊन मीच गेलो होतो. (दुसऱ्याच्या खुर्च्यांवर तो बसावा, हे मला चाललं नसतं.) नवरा मुलगा सुरेंद्र, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. लाजून तो खुर्चीवर बसेना, चौकटीला टेकून उभा राहिला. मग वडीलही टेकले, चौकटीच्या एका बाजूला ते, एका बाजूला तो. पोहे झाले, प्रश्न झाले, सुनयनानं नाव सांगितलं, आणि सुरेंद्र पाणी प्यायला वळला. मानेपासून कमरेपर्यंत काळा पट्टा! बैलाला पोळ्याला रंगवतात तसा. त्याच्या आईनं पदरानं पुसायला घेतलं, पदर काळा. त्याच पदरानं घाम पुसला, तोंड काळं. वडील हसत वळले, तर त्यांचीही पाठ काळी. हसणं थांबलं. उंबऱ्यावर मुलाला काळं लागलं हा अपशकुन, म्हणून मंडळी उठली ती थेट गाडीतच बसली.

माणिकराव माझ्याकडे वळले. "तूच केलं हे! काऊन केलं बे?" मी म्हणालो, "बाबूजी, शनिवारी वाळलं होतं." ते म्हणाले, "कॉलेज जाळलं, आता माझं घर जाळतो का?" माझं डोकं तापलं. खुर्च्या तिथंच टाकल्या, बाहेर आलो आणि सगळ्या ताकदीनं दार आपटलं. पण बिजागऱ्यांना तेल मीच घातलं होतं. दार आलं, आणि मांजरीसारखं चूप लागलं. एवढा अपमान माझा त्या सरांच्या हातूनही झाला नव्हता.

तेव्हा मामा, दोन विनंत्या. एक, रद्दी कापसाची दोन पोती पाठवा. दुसरी, तुम्ही जन्मभर वंगण हाताळलं आहे. वाळलेलं तेल रातोरात पुन्हा ओलं होत नसतं, असं दोन ओळी माणिकरावांना लिहा. माझ्यावर खोटा आळ आहे, आणि त्या घरात मला परत उभं राहायचं आहे.

आपला आज्ञाधारक (या खेपेला खरोखर)
लखन

ता. क. पाकीट चिकटवणार तोच सुनयना बोटींच्या शेडवर आली. रुमालात गुंडाळून माझी बाटली परत आणली. रिकामी. ब्रश मात्र ओला. मी विचारलं, अर्धी होती, बाकीचं तेल कुठं गेलं? ती पाण्याकडे पाहत म्हणाली, "रविवारी पहाटे दुसरा हात मारला. पहिला तुझा होता, तो वाळला, कोणाला लागला नसता." मग हात पुढे केला. नखं काळी होती. "कायनं निघते हे?" मी म्हणालो, लिंबू आणि राख. तर म्हणाली, "राहू दे. घाई नाही."

ता. क. २. माणिकरावांना काही लिहू नका. आळ माझ्यावरच राहू द्या, शोभतो मला. पोत्यांचीही घाई नाही. त्याऐवजी तुम्ही स्वतः या. नारळ, पेढे आणि मामींना घेऊन. बोलणी तुम्हीच करा, माझं डोकं तापतं. येताना पांढरं घालू नका.

ता. क. ३. पत्र उभ्यानंच संपवतो. ती पाळीवर थांबली आहे, काठाला एक डाग मी सकाळचा ठेवला आहे, तो तिला दाखवायचा आहे. पेन आता खिशाला लावतो, कुलूप हातातच आहे. शेडचं पत्र्याचं दार साऱ्या धरणाला ऐकू जातं, म्हणून आज आपटत नाही, मामा. हळूच ओढून घेतो.