तीन बोटांची वही

मी, हसीनाबी जहांगीर पिंजारी, वय ७६, शिक्षण मराठी चौथी, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. ती करायची कोणाची हिंमतही नाही. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर आणि बँकेतली ठेव शरियतप्रमाणे मुलगा तौफिक आणि मुलगी नौशीन यांच्यात वाटावी. भांडू नये. तौफिक भांडेल.

२. शिलाई मशीन नौशीनला. सुनेने हात लावू नये. सुई मोडली ते तिने दोन महिने सांगितलं नव्हतं.

३. माझे मालक मरहूम जहांगीर यांची गिटार आणि धुनांची वही नात माहेनूर तौफिक हिला. शरियतप्रमाणे वारसांबाहेर तिसरा हिस्सा देता येतो, त्यात हे बसतं, वकिलांना विचारलं आहे.

वहीबद्दल नीट लिहिते. मालकांच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये गेलं. अंगठा सोडून उरलेल्या तीन बोटांनी ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत राहिले. पाच रेघांवर सूर ते लिहीत, वर कॉर्डचा, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं त्याचा, चौकोन मी काढी. बोट दिसेल तिथे टिंब. ज्या तारेपर्यंत त्यांचं बोट पोचत नसे ती ते वाजवायची सोडत. तिच्यावर मी फुली मारी.

माहेनूर ही वही कॉम्प्युटरवर उतरवते आहे. त्यात कॉर्डचं नाव टाकलं की सगळी बोटं असलेल्या हाताचा तयार चौकोन आपोआप येतो. मला सूर वाचता येत नाहीत, मोजता येतात. खाली सूर चार, वरच्या चौकोनात वाजवायच्या तारा सहा. मी दाखवलं तर तौफिक म्हणाला, "अम्मी, मशीन चुकत नसतं. अब्बांचंच चुकलं असेल."

मी म्हटलं, "चुकत नाही? मग तुझ्या बापाचं बोट काय उंदराने नेलं?"

मोहल्ल्यात नाव व्हावं म्हणून त्याला या वहीचं पुस्तक ईदच्या आत छापायचं आहे. म्हणून लिहून ठेवते. एकोणसाठ धुनांचा एकेक चौकोन माझ्या चौकोनावरून हाताने भरावा आणि खालच्या सुरांशी मोजून घ्यावा. माहेनूर म्हणते, तसं करता येतं, पण वेळ लागतो. लागू दे. नसेल जमत तर छापूच नये. तयार चौकोनांची पुस्तकं बाजारात मिळतात.

४. साठाव्या धुनेवर चौकोन नाहीत. तेव्हा मी भांडून फैजपूरला माहेरी बसले होते. परत आले ती मय्यतीलाच. सूर त्यांनी लिहून ठेवले होते. बोटं कुठे ठेवली, ते पाहायला मी नव्हते. माहेनूर म्हणाली, "दादी, सुरांवरून अंदाज लावता येईल." येत असेल. लावू नये. वरची जागा कोरी ठेवावी.

सही: हसीनाबी जहांगीर पिंजारी

हसीनाबींनी हे आमच्यासमोर मोठ्याने वाचून सही केली. आम्ही वारस नाही.
साक्षीदार:
१. रुपचंद भटू पाटील, शेजारी
२. नूतन प्रेमराज सोनवणे, शिक्षिका

ठिकाण: देवपूर, धुळे
तारीख: ११ फेब्रुवारी २०२५