वरची की खालची

बाबा, आज कारखान्याला सुट्टी आहे आणि काकाला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे. म्हणून ठाकुर्लीच्या खोलीत लिहायला बसलोय. आपली जमीन एकत्र करायची ठरली आहे. आजोबांनी उतारावरची चार भातखाचरं एकाआड एक वाटली होती. सगळ्यात वरचं तुम्हाला, त्याखालचं काकाला, त्याखालचं परत तुम्हाला आणि तळाचं काकाला. चांगली माती आणि हलकी माती दोघांच्याही वाट्याला यावी, हा त्यांचा हिशोब. आता काका म्हणतो, अदलाबदल करू, एकाने वरची दोन घ्यायची, दुसऱ्याने खालची दोन. मधला बांध मोडला की ट्रॅक्टर सरळ फिरेल. शिफ्ट सांभाळून दोन ठिकाणची लावणी मला झेपत नाही, त्यामुळे मी लगेच हो म्हणालो.

तुम्ही असता तर नाही म्हणाला असता. गावच्या देवळात तालुक्याचे साहेब जमीन एकत्रीकरण समजावायला आले होते, तो दिवस मला आठवतो. माझी शाळा तेव्हा नुकतीच सुटली होती. सक्ती नाही, ज्यांना पटेल त्यांनीच करायचं, असं साहेब पुन्हा पुन्हा सांगतात. सगळ्यांना पटतं. मग शेजारचे म्हातारबा चहाची बशी खाली ठेवून म्हणतात, "साहेब, तुमचं बोलणं शंभर टक्के बरोबर. फक्त माझ्या तुकड्याला हात लावू नका, बाकी गाव एकत्र करा." सगळे हसतात, साहेबसुद्धा. तुम्ही हसत नाही. घरी येऊन चुलीपाशी बसता. आई विचारते, काय ठरलं? तुम्ही म्हणता, "एकाआड एक आहे तेच बरं. त्याचं पाणी माझ्या बांधातून जातं, माझं त्याच्या बांधातून." एवढंच. मला ते हट्टीपणाचं वाटलं होतं.

नंतर बांधावरच्या आंब्यावरून तुमचं आणि काकाचं बोलणं बंद झालं. काकी आपल्या ओटीसमोरून जाताना मोठ्याने म्हणायची, "आंबा खाऊन कोणी मोठं होत नाय गो!" तरी लावणीच्या दिवसांत पाणी थांबलं नाही. तुम्ही वरच्या बांधाला तोंड पाडायचात आणि काकाकडे पाठ करून आईला सांगायचात, "सांग त्याला, पाणी सोडलंय." काका चार हातांवर उभा. तो काकीला म्हणायचा, "सांग त्याला, दिसतंय मला." मग तो त्याच्या बांधाला तोंड पाडायचा, कारण खाली तुमचं खाचर वाट बघत असायचं. असं दोन-तीनदा झाल्यावर एकदा काका थेट तुम्हालाच ओरडला, "अरे, जरा कमी सोड, रोपं वाहतायत!" तुम्हीही थेट उत्तर दिलंत. आंब्याचा विषय तिथेच राहिला.

गेल्या रविवारी मी गावी गेलेलो. काकाने मला बांधावर उभं केलं आणि म्हणाला, "तुझा बापूस असता तर भांडलो असतो. तू पोर आहेस. पहिला तूच निवड, वरची की खालची?" काकी मागून म्हणाली, "वरची घे रे येड्या, रस्ता तिथे आहे. उद्या बिल्डर आला तर खालच्याला कोण विचारतंय?" स्वतःच्या नवऱ्याचं नुकसान करून ती मला हे सांगत होती. काका नुसता हसला.

आठवडाभर विचार केला. वरची घेतली तर काकाचं पाणी माझ्या हातात येईल, आणि मी शिफ्टवर असलो की त्याची रोपं वाळतील. खालची घेतली तर माझं पाणी त्याच्या हातात. दोन्हीकडे भीती वाटते. कारखान्यातले सोबती म्हणतात, रस्ता सोडणारा मूर्ख असतो. त्यांचं चुकत नाही.

मी खालची दोन घेणार आहे. काकाला सांगेन की खालची माती चांगली आहे, भात जास्त येतं. ते खरंच आहे. पण आई गेल्यापासून आपलं घर बंदच आहे, गावी थांबावं असं घर मला उरलेलं नाही, आणि काकाकडे जायला काही निमित्तही नसतं. आता दर वर्षी लावणीला त्याच्या दारात जाऊन म्हणावं लागेल, काका, पाणी सोड. हे त्याला सांगायचं धाडस मला होणार नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.