कार्डाची कोरी बाजू

१९ ऑक्टोबर १९८८
मिलर्स ग्रोव्ह, इलिनॉय

प्रिय बर्निसताई,

तुला नमस्कार, बाबांना नमस्कार, आणि हॅरॉल्ड भावजींचा राग उतरला असेल तर त्यांनाही. तुझं पत्र फिरत फिरत परवा मिळालं. बाबांना ऑक्सिजनशिवाय जिनाही चढवत नाही, हे वाचलं. मी बरा आहे. बूट फाटलेत, पण ते आधीपासूनच. इथे मक्याची कापणी चालू आहे. धुळीने खोकतोय, आणि खोकताना माझ्या घशातून बाबांचा आवाज येतो.

कार्डाचं विचारलंस.

मी निघालो तेव्हा बाबांनीच ते फोटोचं पोस्टकार्ड माझ्या खिशात घातलं. म्हणाले, "नाहीतरी भटकतोसच, मग एवढं शोध. ह्या फोटोतल्या कुणाच्या तरी घरी ठाऊक असेल, माझ्या बापाला खाणीतून वर काढलं की नाही." बेसबॉलचे नऊ खेळाडू, मागे धान्याचं उंच कोठार, डावीकडून तिसरे आपले योनास आजोबा. बाबा पोटात असताना, १९१५ साली, खाणीत स्फोट झाला आणि आजोबा आतच राहिले, असं आजी सांगायची. बाबांना अजून वाटतं, आपला बाप खाली अंधारात पडलाय.

मार्चमध्ये ओहायोत जुनी पोस्टकार्डं विकणारी एक बाई भेटली. (तिच्या तीन पायांच्या कुत्र्याबद्दल पानभर लिहिता येईल, पण राहू दे.) तिने फोटो पाहिलाच नाही, थेट कार्ड उलटलं.

"तिकिटाच्या चौकोनात हे त्रिकोण बघ. दोन वर टोक करून, दोन खाली. असा छाप असलेला कागद अठरा सालानंतरचा."

"पण माझे आजोबा पंधरा सालीच गेले."

"मग मेल्यावर बरं खेळतात की!"

ती हसली, मीही हसलो. मग बसस्टँडवर जाऊन बसलो, दोन गाड्या सोडल्या.

खेळाडूंच्या शर्टांवर एम. जी. अशी अक्षरं आहेत. त्यावरून तीन राज्यांतली गावं पालथी घातली आणि जूनमध्ये इथे पोचलो. हो, जूनमध्ये.

इथल्या न्हाव्याने कार्ड पाहिलं आणि मला डेल्माबाईंकडे धाडलं. त्यांच्या टीव्हीवर हेच कार्ड, चौकटीत.

"हे माझे वडील, जॉन," त्या डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "आईने अंगावरच अक्षर शिवलं, ते वाकडं झालं. हा माणूस एका जागी उभा राहील तर शपथ!" मग मला न्याहाळून म्हणाल्या, "तूही दाराकडे तोंड करून बसतोस रे. कुणाला सोडून आलायस?"

मी कॉफी ढवळत राहिलो. साखर घातलीच नव्हती.

ताई, ती आपली आत्या. आणि आजीला सगळं ठाऊक होतं. कार्ड आजोबांनीच तिला पाकिटातून पाठवलं असणार, कारण मागे ना पत्ता, ना एक शब्द. पळालेला बाप देण्यापेक्षा तिने मुलाला मेलेला बाप दिला.

तेव्हापासून इथेच कोठारावर काम करतोय. लिहायला बसलो की हात थांबायचा. बाबांना काय सांगू, हे एक. दुसरं तुला माहीत आहे. तू प्रत्येक पत्रात रोझलिनचं आणि लिओचं लिहितेस, मी प्रत्येक पत्रात हवापाण्याचं. माझा लिओ चारचा झाला. रोझलिनने त्याला सांगितलंय म्हणे, बाप जहाजावर गेलाय. तिला दोष देत नाही. पण आजीनेही असंच कुठूनतरी सुरू केलं असेल. जहाज बुडायला कितीसा वेळ लागतो?

बाबांना एवढं वाचून दाखव: आजोबा सापडले. ते खाणीत नाहीत. गावाबाहेर टेकाडावर आहेत, तिथे दिवसभर ऊन असतं, मी स्वतः गवत कापलंय. अंधारात नाहीत. त्यांनी साल विचारलं, तर दगडावर १९५१ आहे. विचारलंच तर खोटं बोलू नकोस. आपल्या घरात ते पुष्कळ झालं.

कार्ड सोबत आहे. आधी बाबांच्या हातात दे, मग लिओला. मागची बाजू आजोबांनी कोरी सोडली होती. तिथे मी माझं नाव लिहिलंय आणि इथला पत्ता. तीन दिवस बसलो, त्याहून जास्त जमलं नाही.

इथून हललो तर आधी कळवेन.

कुठल्याही जहाजावर नसलेला,
कॅझ