तुमच्या दोन हार्डडिस्क

बाबा, तुमच्या त्या दोन हार्डडिस्क मुळात बिघडल्याच नव्हत्या. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली आणि हे मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय. दादाने अमेरिकेहून आणलेला गाण्यांचा काळा डबा आठवतो ना? वेलचेरीच्या आपल्या तळमजल्याच्या घरात पावसाचं पाणी शिरायचं म्हणून तुम्ही तो कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता. त्याच्या मागे त्या दोन डिस्क जोडलेल्या, आणि त्यांत तुमची तीस वर्षं. रेडिओवरून पकडलेली नाट्यगीतं, मंडळाच्या गणपतीतले कार्यक्रम, मार्गळी या तमिळ महिन्यात, इथल्या गाण्याच्या हंगामात, सभागृहांच्या मागच्या रांगेत बसून टेप केलेल्या मैफली. सगळं डिस्कवर उतरवून झालं तसं तुम्ही कॅसेटी पोत्यात भरून भंगारवाल्याला देऊन टाकल्यात. तुमच्या कारखान्यात नवं मशीन आलं की जुनं त्याच आठवड्यात बाहेर जायचं, म्हणून घरातही तसंच. मी "थोडे दिवस राहू द्या" म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत, आणि त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

मग एका सकाळी डब्याच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली, ड्राइव्ह सापडत नाही. का सापडत नाही, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. कारखान्यात शेवटी बाहेर पडणारा माणूस मेन स्विच पाडून जातो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी तुम्ही कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालात तरी मेन पाडून जात होतात. फ्रिजसकट सगळं घर गपगार. जित्याची खोड! डबा चालू असतानाच त्याची वीज जायची, डिस्कवरचं लिहिणं अर्धवट राहायचं, आणि शेवटी डब्याने अशा अर्धवट डिस्क उघडायचंच नाकारलं. कीबोर्ड जोडून एक तपासणी चालवायची, की झालं. दहा मिनिटांचं काम. सिरुसेरीच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हीच माझी नोकरी होती, आणि मी तुमच्यासमोर बसून इडली खात होते. तुम्ही अमेरिकेला फोन लावलात. काखेत कळसा नि गावाला वळसा!

मी तोंड का उघडलं नाही, ते सांगते. मी सोळा वर्षांची आहे. तुमचा टेपरेकॉर्डर गाणं ओढत ओढत म्हणतोय आणि तुम्ही कामावर गेला आहात. स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून मी तो उघडते. आतला रबरी पट्टा सैल पडलाय. तो मी आईच्या चहाच्या भांड्यात उकळते, म्हणजे तो आवळतो, असं मी कुठेतरी वाचलंय. आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "आवर लवकर, ते येतील." तुम्ही येता, बटण दाबता, गाणं सरळ लागतं. तुमचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी पाहिलेला नाही. तुम्ही दादाला हाक मारता, "शाब्बास रे!" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारता आणि तुमचा स्क्रूड्रायव्हरचा संच त्याच्या हातात ठेवता. मी म्हणते, "बाबा, मी केलं ते." तुम्ही हसून म्हणता, "खोटं बोलायचं तर जरा पटेल असं तरी बोलावं." जेवायला बसण्याआधी तुम्ही मला दादाची माफी मागायला लावलीत. तो संचातले स्क्रूड्रायव्हर एकेक काढून बघत होता. आईने तव्यावरून नजर काढली नाही. वर्षभराने मी इंजिनीअरिंगचा फॉर्म आणला, तेव्हा "एका घराला एक इंजिनीअर पुरे" म्हणून तुम्ही तो न वाचताच परत दिलात.

म्हणून त्या दोन आठवड्यांत मी मजा बघितली. स्पष्टच सांगते, मजा वाटत होती. दादा फोनवरून सांगायचा आणि तुम्ही स्टुलावर चढायचात. वायर बदलली. दुसऱ्या भोकात घालून पाहिली. टोकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. नवा अडॅप्टर आणलात, भर उन्हात शेअर ऑटोने जाऊन. डिस्कला कान लावून "फिरतेय तर नीट" असं स्वतःशीच म्हणायचात. मग माझ्याकडे वळून, "कुणी हात तर नाही ना लावला याला?" आई गेल्यापासून घरात आपण दोघंच होतो, बाबा. कुणी म्हणजे कोण, हे मला कळत होतं.

दुसऱ्या रविवारी सकाळी दादा म्हणाला, डिस्क काढून सरळ तुमच्या कॉम्प्युटरला लावून बघा. डबा डिस्कवर त्याच्या पद्धतीने लिहायचा आणि तुमच्या कॉम्प्युटरला ती पद्धत कळत नव्हती. त्याला ती डिस्क कोरी दिसली. त्याने विचारलं, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? तुम्ही चष्मा शोधत होतात. मी कॉफीचा पेला घेऊन तुमच्या मागे उभी होते, आणि तुमच्याआधी मी ते वाचलं.

"काहीतरी विचारतोय रे हा," तुम्ही फोनमध्ये म्हणालात.

"मग यस करा ना बाबा," दादा जांभई देत म्हणाला.

तुम्ही यस केलंत. पहिली डिस्क गेली. मशीन बिनतक्रार चाललं म्हणून तुम्ही खूश होतात. दुसरी जोडलीत, पुन्हा तोच प्रश्न आला, आणि या वेळी का कोण जाणे तुमचा हात थांबला. तुम्ही मान वळवलीत. "तुला काय वाटतं गं? करू?" जन्मात पहिल्यांदा तुम्ही मला मशीनबद्दल काही विचारत होतात.

मी म्हटलं, "दादा सांगतोय ना? मग करा."

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. दोन्ही डिस्क डब्याला परत लावल्यात तेव्हा एकही गाणं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या मामींनी मला जिन्यात गाठून विचारलं, "एन्नम्मा, पाट्टु निन्नु पोच्चा?" मी म्हटलं, हो मामी, बंद पडलं गाणं. तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात की डिस्कच बोगस निघाल्या, पोराने बिचाऱ्याने तिकडून किती खटपट केली. बिचाऱ्याने! ते ऐकलं की माझ्या मनात उरलीसुरली दयाही जळून जायची. संध्याकाळी तुम्ही गाण्याच्या वेळेला खुर्चीत बसायचात, नुसतेच, हात मांडीवर ठेवून, आणि मी आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच करायचे. पुढच्या मार्गळीच्या आधी तुम्ही गेलात.

एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत नाही. अशी पुसलेली डिस्क खरं तर पुसली जात नाही. वर दुसरं काही लिहिलं नाही तर आतलं बाहेर काढता येतं. ते काढणारा प्रोग्रॅम मी त्याच आठवड्यात ऑफिसातून सीडीवर आणला होता. ती सीडी पाच महिने माझ्या पर्समध्ये होती, रोज सिरुसेरीला जायची आणि परत यायची. तुम्ही आणखी एकदा मला विचाराल म्हणून मी थांबले होते. विचारलं असतंत तर दिली असती की पुन्हा दादाकडेच बोट दाखवलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.