ताटलीचं स्टिअरिंग

गुरुवार, संध्याकाळ. सँडीफोर्ड, डब्लिन.

आज मी गाडी चुकीच्या बाजूला घातली.

आठवडाभर रोज जेवण झालं की मी स्टीलची ताटली धरून सोफ्यावर बसते आणि अमेरिकेत गाडी चालवायचा सराव करते. मंदार शेजारी बसून फोनवर बॉस्टन ते डोंगरातलं हॉटेल असा रस्ता वाचतो. इथे आयर्लंडमध्ये डावीकडून चालवायची सवय, म्हणून मी ताटली फिरवत 'उजवीकडून, उजवीकडून' म्हणत राहते. घरात लायसन्स माझ्या एकटीकडे, आणि तिकिटं काढून झालीयेत.

आज इराला शाळेतून आणताना नेहमीच्या वळणावर हात आपोआप फिरले, ताटलीवर फिरतात तसेच. समोर पांढरी व्हॅन. मागून इरा किंचाळली. व्हॅन हातभर अंतरावर थांबली. मी गाडी मागे घेतली, तर जाताना त्या माणसाने स्टिअरिंगवरून नुसतं एक बोट उचललं, इथे सगळे ओळख देतात तसं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते बोट डोळ्यांसमोरून जात नाहीये.

इथे पाच वर्षं चालवतेय, तरी असं. तिथे सलग चार तास, आणि मागच्या सीटवर इरा...

मंदारला सांगायला हवं. त्याने आत्ताच ताटली पुसून सोफ्यावर ठेवली. म्हणाला, "चल, आज हायवेवर घेऊ." मी हो म्हटलं. का म्हटलं?

इराही त्याला काही बोललेली नाही. मघाशी फक्त मला हळूच, तिच्या आयरिश इंग्लिशमध्ये विचारलं, अमेरिकेला जाईपर्यंत बाबा गाडी शिकेल का.