टोचन

आबा, टोचन हा शब्द मी अजूनही चूकच मानते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला उगाच जिंकल्यासारखं वाटेल.

निरवांगीहून उसाच्या ट्रॉल्या घेऊन तुम्ही कारखान्याला निघालेले, मी कॉलेजच्या सुट्टीत ट्रॅक्टरवर शेजारी बसलेली. कालव्याच्या चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उठायला लागतात. तुम्ही निवांत उतरता, तंबाखू मळता आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला हात करता. तो पुढं येतो, साखळी अडकवतो, ओढतो, की आपण वर. दुसऱ्याच्या घरी चहा मागायलाही ज्यांचा मान आड यायचा, ते तुम्ही टोचन मागताना मात्र कधी लाजला नाहीत.

त्याच आठवड्यात रविवारी उपासनेला आलेली चार घरं आईच्या स्वयंपाकघरात दाटीनं बसलेली. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "देवा, ह्यो चढ माझ्यानं व्हत न्हाय. टोचन लाव." मी तेव्हा संस्कृतच्या पहिल्या वर्षाला, ज्ञान ताजं, म्हणजे उतू जाणारं. हळूच म्हटलं, आबा, टोचन म्हणजे टोचणं, ओढणं नव्हे. तुम्ही देवाला टोचायला सांगताय. डोळे न उघडता तुम्ही म्हणालात, "टोचू दे. पन वढू दे." प्रार्थनेत व्याकरण काढायचं नाही, हे आमेननंतर वेगळं ऐकवलंत.

मागच्या महिन्यात तुमची बहीण, कऱ्हाटीची आत्या, बारामतीला ऑपरेशनसाठी दाखल झाली. हृदयाचं दुखणं, या वयात. ती घाबरलेली, हात बर्फासारखा आणि माझ्या हातात घट्ट. प्रार्थना झाल्याशिवाय आत जाणार नाही म्हणून अडून बसली. तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. इंदापूरहून येताना त्यांची गाडी बंद पडली होती, टोचन लावून आणत होते. तोवर प्रार्थना तुम्हीच घ्या, म्हणाले. चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना मी जन्मात केलेली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी डोळे मिटले. हे सर्वसमर्थ, हे करुणानिधे, हे दीनवत्सल... संबोधनं सगळी बिनचूक झाली आणि क्रियापदच सापडेना. स्ट्रेचर घेऊन माणसं दारात उभी. आत्यानं एक डोळा उघडला.

"हाक मारून झाली न्हवं? मग काम सांग की. देव कवाचा व्हय म्हणून बसलाय."

तोंडातून गेलं, "देवा, माझ्यानं होत नाही. टोचन लाव."

आत्या खुदकन हसली. आमेन इतक्या जोरात म्हणाली की नर्स दचकली. माझा हात तिनं आपणहून सोडला, आणि आत गेली.

आता ती आमच्याकडेच असते. रोज अळणी भाजीवर टीका करते, म्हणजे बरी आहे. मोकळ्या ट्रॉलीला टोचन लागत नाही, आबा, आणि मी इतकी वर्षं भाषेच्या जोरावर मोकळीच हिंडत होते, असं हल्ली वाटतं. शब्द तरी चूकच.

तुम्ही असता तर हातात दिलं असतं; आता हे पत्र शब्दकोशात ठेवतेय, तिथं आत्या कधी हात घालणार नाही. कारण त्या प्रार्थनेत टोचन मी माझ्यासाठीच मागितलं होतं. तिचं नाव घ्यायचं राहूनच गेलं. तिच्या ते अजून लक्षात आलेलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही.